रात्री साडेआठची सभा: डोंबिवलीच्या सामाजिक जीवनाविषयी

प्रश्न असा आहे: "नोकरीनिमित्त मी मराठवाड्यातून ठाण्याला येत आहे. सोबत निवृत्त आई-वडील असतील. ठाण्यातील घरे परवडत नसल्याने डोंबिवलीत सदनिका घेण्याचा विचार आहे. काही जण डोंबिवलीला सांस्कृतिक नगरी म्हणतात, तर काहींच्या मते ती केवळ रात्री झोपायला येणाऱ्या नोकरदारांची वस्ती आहे. खरे काय? आणि घर पूर्वेला घ्यावे, पश्चिमेला की शिळ रस्त्यावरील नव्या संकुलांत?"

मी गेली तीस वर्षे या परिसरातील सहकारी गृहनिर्माण संस्था आणि सार्वजनिक विश्वस्त संस्था यांचे लेखापरीक्षण करीत आहे. लेखापरीक्षकाला शहर व्यासपीठावरून दिसत नाही. ते पावतीपुस्तकांतून, सभासदांच्या नोंदवहीतून आणि सभांच्या इतिवृत्तांतून दिसते. वर्गणी कोण देतो, कोण थकवतो, मानद सचिवाचे पद कोण स्वीकारते आणि ते किती वर्षे त्याच माणसाकडे राहते, यावरून एखाद्या वस्तीच्या सामाजिक जीवनाचा जो अंदाज येतो तो भाषणांवरून येत नाही. त्या आधारावर सांगतो की, आपण ऐकलेली दोन्ही वर्णने खरी आहेत आणि त्यांतील पहिले दुसऱ्यातूनच निर्माण झालेले आहे. डोंबिवलीचा नोकरदार दिवसाचे बारा-तेरा तास घराबाहेर असतो, म्हणूनच येथील माणसांना एकमेकांसाठी वेळ ठरवून काढावा लागला, आणि वेळ ठरवून भेटायचे तर त्यासाठी संस्था लागते. माझ्यासमोर आलेल्या जुन्या इतिवृत्तांपैकी बहुतेकांची सुरुवात "सभा रात्री ठीक साडेआठ वाजता सुरू झाली" अशा वाक्याने होते. साडेआठ ही वेळ कोणी हौसेने निवडलेली नाही. मुंबईतील कार्यालय सुटल्यावर गाडी पकडून, घरी येऊन, हातपाय धुऊन माणूस मोकळा होतो ती ही वेळ आहे.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली रेल्वेने ४८ किलोमीटरवर आहे. १८५४ साली लोहमार्ग ठाण्यापुढे कल्याणपर्यंत गेला तेव्हा मधल्या या पट्ट्यात उल्हास नदीच्या खाडीकाठची भातशेती आणि आगरी-कोळी वस्तीची छोटी गावे होती. आयरे, पाथर्ली, चोळे, ठाकुर्ली, कोपर, नवापाडा, मोठागाव ही नावे आज आपल्याला रिक्षा थांब्यांच्या आणि प्रभागांच्या पाट्यांवर दिसतील, पण ती मूळची नांदती गावे आहेत आणि त्यांच्या गावदेवी आजही त्याच जागी आहेत. पुढे स्थानक झाले, ठाकुर्लीजवळ चोळ्याला रेल्वेचे वीजनिर्मिती केंद्र उभे राहिले, आणि गिरगाव, दादर, परळ येथील चाळींतील एका खोलीत दोन पिढ्या मावेनाशा झाल्या तेव्हा मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे स्वस्त जागेच्या शोधात इकडे सरकली. १९६० नंतर हा ओघ वाढला. त्याच दशकात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आली, त्यामुळे काही जणांना येथेच नोकऱ्या मिळाल्या; बहुसंख्यांची नोकरी मात्र मुंबईतच राहिली.

या स्थलांतरितांनी चाळीतून दोन गोष्टी बरोबर आणल्या, असे माझे मत आहे. एक म्हणजे सार्वजनिक गणेशोत्सव, व्याख्यानमाला आणि वाचनालय चालवण्याची सवय. दुसरी म्हणजे पैशांचा चोख हिशेब ठेवण्याची सवय. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती आणि शाळा यांत काम करणारी ही माणसे होती. पावतीची स्थळप्रत, व्हाउचरवर दोन सह्या, वर्षअखेरीस ताळेबंद या गोष्टी त्यांना शिकवाव्या लागल्या नाहीत. १९७० साली स्थापन झालेली डोंबिवली नागरी सहकारी बँक हे याच मनोवृत्तीचे मोठे रूप आहे, आणि लहान रूपे शेकडो आहेत: पतपेढ्या, महिला मंडळांच्या भिशी, गृहनिर्माण संस्थांचे गणपती.

संस्थांची मुळे अनेकदा लोकलच्या डब्यात असतात, हे बाहेरून येणाऱ्याच्या चटकन लक्षात येत नाही. वर्षानुवर्षे एकाच गाडीच्या एकाच डब्यात, एकाच दाराजवळ उभी राहणारी माणसे शेजाऱ्यांहून अधिक जवळची होतात. डब्यांत भजने होतात. दसऱ्याच्या निमित्ताने डब्याला तोरणे लावून पूजा केली जाते. कोणाच्या मुलीच्या शिक्षणासाठी, कोणाच्या शस्त्रक्रियेसाठी वर्गणी जमते ती अनेकदा ठाणे ते मुलुंड या टप्प्यात. एका विश्वस्त संस्थेच्या पहिल्या नऊ सभासदांपैकी सात जण एकाच गाडीचे सहप्रवासी होते, हे मला त्यांची जुनी कागदपत्रे तपासताना समजले. सचिव इतिवृत्ताचा मसुदा गाडीत लिहीत असत. काही पानांवरचे अक्षर हललेले आहे आणि त्याचे कारण मी विचारले तेव्हा वृद्ध खजिनदारांनी ते अगदी सहज सांगितले.

शहराच्या मध्यवर्ती संस्थेचे उदाहरण द्यायचे तर श्री गणेश मंदिर संस्थानाचे द्यावे लागेल. १९२४ साली स्थापन झालेले हे मंदिर फडके रस्त्याच्या टोकाशी आहे. गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा काढण्याची प्रथा याच शहरात १९९९ साली सुरू झाली. या कल्पनेचे श्रेय आबासाहेब पटवारी यांना दिले जाते. पुढे ही प्रथा ठाणे, गिरगाव, पुणे, नाशिक असा प्रवास करीत महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांपर्यंत गेली. नऊवारी नेसून दुचाकीवर निघालेल्या स्त्रिया, ढोल-ताशा पथके आणि चित्ररथ यांची छायाचित्रे आपण पाहिली असतील. मला मात्र त्यामागच्या तयारीचे मोल अधिक वाटते. यात्रेआधीच्या बैठकांमध्ये शाळा, वैद्यकीय मंडळी, सायकलपटू, योगवर्ग, ज्ञातिसंस्था, अपंगांसाठी काम करणारे कार्यकर्ते असे सगळे एका सतरंजीवर बसतात, आणि त्या ओळखी पुढे वर्षभर उपयोगी पडतात. पुराच्या वेळी अन्नाची पाकिटे कोठे शिजवायची, हे ठरवायला मग कोणाचे दूरध्वनी क्रमांक शोधावे लागत नाहीत.

दिवाळीच्या पहिल्या पहाटे याच फडके रस्त्यावर तरुण मुले-मुली नवे कपडे घालून जमतात. त्याचे निमंत्रण कोणी देत नाही आणि त्याला ठरलेला कार्यक्रमही नसतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर गेलेली मुले त्या दिवशी तेथे एकमेकांना भेटतात, एवढेच. आपण येथे पहिली दिवाळी कराल तेव्हा आई-वडिलांना सकाळी सातच्या आत तेथे घेऊन जावे. नंतर पाऊल ठेवायला जागा उरत नाही.

वाचनाच्या बाबतीत शहराचा लौकिक खरा आहे. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक येथे राहिले, आणि ते केवळ पत्त्यापुरते राहिले नाहीत. त्यांची उठबस या शहरात होती. भाव्यांच्या नावाचे सभागृह येथे आहे. पै फ्रेंड्स लायब्ररीसारखे खासगी वाचनालय येथे अनेक शाखांनिशी चालते आणि त्यांनी भरवलेल्या पुस्तक आदान-प्रदान उपक्रमात लोक वाचून झालेली पुस्तके देऊन दुसरी घेऊन जातात. ज्या शहरात वाचनालय वर्गणीवर चालू शकते, तेथे वाचणारे किती आहेत हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

२०१७ च्या फेब्रुवारीत नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले, त्याचे यजमानपद आगरी युथ फोरमने स्वीकारले होते. या गोष्टीचे महत्त्व मला संमेलनाहूनही मोठे वाटते. कारण डोंबिवलीच्या सांस्कृतिकपणाची चर्चा बहुधा चाळीतून आलेल्या पांढरपेशा वर्गाभोवतीच फिरते, आणि ज्यांच्या भातशेतीवर हे शहर उभे राहिले त्या भूमिपुत्रांचा उल्लेख त्यांच्या जमिनीच्या व्यवहारांपुरता होतो. हा अन्याय आहे. लग्नात धवले म्हणजे पारंपरिक विवाहगीते गाणारी धवलारीण, गावदेवीची जत्रा, हळदीच्या रात्रीचा भावकीचा गोतावळा, हे येथील सामाजिक जीवनाचे सर्वांत जुने थर आहेत. आगरी महोत्सवात आपण आई-वडिलांना अवश्य न्यावे. तांदळाची भाकरी आणि सुकट यांच्यापलीकडे तेथे बोलीची आणि गाण्यांची ओळख होते. शहराच्या पूर्वेकडील सत्तावीस गावांचा प्रश्नही याच संदर्भात समजून घ्यावा. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा ही गावे तीत घेतली गेली, २००२ साली वगळली गेली आणि २०१५ साली पुन्हा घेतली गेली. तीन दशकांत तीनदा प्रशासन बदललेल्या गावात पाण्याची वाहिनी, रस्ता आणि बांधकाम परवानगी यांचा मेळ कसा बसणार? नव्या संकुलांपैकी अनेक याच पट्ट्यात किंवा त्याला लागून आहेत, म्हणून हे आपल्यालाही लागू आहे.

मराठीखेरीज इतर भाषिकांच्या संस्थाही येथे जुन्या व भक्कम आहेत. केरलीय समाजम येथे शाळा आणि महाविद्यालय चालवते, आणि त्यांच्या मॉडेल शाळेत मराठी घरांतील मुले पिढ्यान्‌पिढ्या शिकली आहेत. गुजराती, कच्छी, तमिळ, कानडी मंडळींच्या संस्थाही कार्यरत आहेत.

ज्यांची जाहिरात होत नाही अशा कामांपैकी दोनांचा उल्लेख करतो. दधीची देहदान मंडळाने मरणोत्तर देहदान आणि नेत्रदान यांविषयी येथे अनेक वर्षे घरोघरी जाऊन काम केले आहे. संकल्पपत्र भरलेल्या व्यक्तीच्या निधनानंतर कुटुंबाला कोणाला दूरध्वनी करायचा, किती तासांत करायचा, हे या शहरातील बऱ्याच घरांना ठाऊक असते ते अशा कामामुळे. ऊर्जा फाउंडेशनच्या स्त्रिया घराघरांतून स्वच्छ प्लास्टिक गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवतात. आणि ज्याला कोणी समाजकार्य म्हणणार नाही, पण माझ्या मते ज्याने हे शहर चालवले, ते म्हणजे पोळी-भाजी केंद्र. नोकरी करणाऱ्या स्त्रीने स्थानकातून उतरल्यावर दहा पोळ्या आणि एक भाजी घ्यायची, ही सोय येथे इतरत्रांपेक्षा फार आधी रुजली. त्या केंद्रांमध्ये शेकडो स्त्रियांना घराजवळ रोजगार मिळाला, आणि विकत घेणाऱ्या स्त्रीला साडेआठच्या सभेला जाता आले. महिलांच्या संस्थांची सभासदसंख्या येथे का वाढली, याचे उत्तर देताना हा दुवा सोडता येणार नाही.

आता उणिवांकडे येतो, कारण त्या लपवून सल्ला देणे योग्य नाही. लोहमार्गाने शहराचे दोन तुकडे केले आहेत. पूर्वेला मंदिर, फडके रस्ता, टिळकनगर, नाट्यगृह, औद्योगिक वसाहत. पश्चिमेला विष्णुनगर, खाडीकाठ आणि तुलनेने नंतर दाटलेली वस्ती. दोन्हीकडील वाहनांना जोडणारा कोपर पूल धोकादायक ठरून २०१९ साली बंद झाला आणि नव्याने बांधून २०२१ साली सुरू झाला, त्या दोन वर्षांत वाहनांचा सगळा भार ठाकुर्लीच्या पुलावर होता. पश्चिमेतील संस्थांच्या उपस्थितीच्या नोंदी मी त्या काळात पाहिल्या आहेत. पूर्वेकडून येणारे सभासद सभांना येईनासे झाले, आणि पूल सुरू झाल्यावरही त्यांतील सगळे परतले नाहीत. आपल्या आई-वडिलांना पूर्वेकडील कार्यक्रमांना नियमित जायचे असेल तर पश्चिमेला घर घेण्यापूर्वी पादचारी पुलाच्या पायऱ्या त्यांना चढता येतील का, हे प्रत्यक्ष चढून पाहावे.

औद्योगिक वसाहतीच्या निवासी विभागात झाडे आहेत, रस्ते रुंद आहेत, बंगले आहेत, आणि रासायनिक कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. २०१४ साली येथे हिरवट पाऊस पडल्याची आणि २०२० साली रस्ता गुलाबी झाल्याची बातमी देशभर गेली होती. २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी कारखान्यांत भीषण स्फोट झाले. प्रत्येक वेळी दहाहून अधिक माणसे गेली आणि दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. दोन्ही वेळा परिसरातील रहिवाशांनी आणि संस्थांनी रुग्णालयात धाव घेतली, रक्त दिले, निवारा दिला. ती माणुसकी खरी आहे, पण धोकादायक कारखाने लोकवस्तीपासून दूर नेण्याचा प्रश्न माणुसकीने सुटत नाही. तो शासनानेच सोडवायचा आहे आणि तो इतकी वर्षे रेंगाळला याचा मला संताप आहे. वडिलांना दम्याचा त्रास असेल तर हा भाग टाळावा, असे मी स्पष्टपणे सांगेन.

प्रवासाविषयीही तेवढ्याच स्पष्टपणे सांगतो. २०२२ साली ठाणे-दिवा दरम्यान पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली, तरीही सकाळी आठ ते साडेनऊ या वेळेत डोंबिवली स्थानकावरून जलद गाडीत शिरणे हे रोजचे दिव्य आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी पडून मृत्युमुखी पडले, तो याच मार्गावरचा प्रवास. आपले कार्यालय ठाण्यातच असल्याने डोंबिवलीहूनच सुटणारी धीमी गाडी आपल्याला पुरेल. दहा-पंधरा मिनिटे अधिक लागली तरी तीच पकडावी.

घराच्या खरेदीविषयी माझा व्यवसाय मला अधिकाराने बोलू देतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कल्याण-डोंबिवली क्षेत्रातील ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्य प्राधिकरणाची, नोंदणी मिळवल्याचे उघड झाले आणि २०२४ साली उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांत राहणाऱ्या कुटुंबांनी कर्जे काढून, मुद्रांक शुल्क भरून घरे घेतली होती. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे इमारत कायदेशीर आहे, असा समज कृपया करून घेऊ नये. बांधकाम परवानगीची प्रत महापालिकेच्या नगररचना विभागातून स्वतंत्रपणे पडताळून घ्यावी, इमारत राहण्यायोग्य असल्याचे भोगवटा प्रमाणपत्र पाहावे, आणि जुन्या इमारतीत घर घेत असाल तर जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे कायदेशीर हस्तांतरण, संस्थेच्या नावे झाले आहे का, हे विचारावे. येथील कितीतरी संस्थांची इमारत चाळीस वर्षांची आहे आणि जमीन मात्र अद्याप मूळ मालकाच्या किंवा विकासकाच्या नावावर आहे. मालक किंवा विकासक टाळाटाळ करीत असला तरी जमीन संस्थेच्या नावे करून घेता येते अशी मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद कायद्यात असूनही अनेक समित्या कागदपत्रांच्या कंटाळ्याने ते करीत नाहीत.

याखेरीज एक गोष्ट अशी आहे जी दलाल सांगणार नाही. विक्रेत्याला विनंती करून संस्थेची मागील तीन वर्षांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते वाचायला मागावीत. उपस्थिती किती आहे, गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होऊन पुन्हा घेतली जाते का, थकबाकीदारांची संख्या वाढते आहे का, आणि गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू यांसाठी वेगळी वर्गणी निघते का, हे त्यांतून कळते. ज्या संस्थेत कोजागिरीच्या दुधाचा हिशेब दर वर्षी व्यवस्थित मांडलेला असतो, तेथे आपल्या आई-वडिलांची चौकशी करायला माणसे असतील.

पुनर्विकासामुळे हे चित्र झपाट्याने बदलते आहे. टिळकनगर, रामनगर भागातील तीन-चार मजली जुन्या इमारती पाडून तेथे उंच इमारती होत आहेत. जुन्या इमारती जीर्ण झाल्या होत्या, त्या पाडणे आवश्यकच होते. परंतु मी ज्या एका संस्थेचे हिशेब वीस वर्षे तपासले, तेथील अठरा कुटुंबे बांधकामाच्या काळात भाड्याच्या घरांत विखुरली, आणि ताबा मिळेपर्यंत चार ज्येष्ठ सभासद निवर्तले, पाच कुटुंबांनी घरे विकली. परतलेल्यांना वाहनतळ मिळाला, उद्वाहन मिळाले. जिन्यातले कपाटातील वाचनालय मात्र पुन्हा उभे राहिले नाही, कारण ते चालवणाऱ्या काकू आता या शहरात नाहीत. सार्वजनिक संस्थांमध्येही हीच अडचण आहे. विश्वस्तांच्या बदलाचे अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे पाठवताना मी नव्या नावांपुढचे वय पाहतो. साठीच्या आतले नाव क्वचित दिसते. तरुण मंडळी ढोल पथकात, गिर्यारोहणात, पर्यावरणाच्या कामात जरूर आहेत, पण नोंदणीकृत संस्थेची वर्षानुवर्षांची जबाबदारी घ्यायला ती कचरतात, कारण त्यांच्या नोकरीला आता साडेआठलाही सुट्टी होत नाही.

शिळ रस्त्यावरील मोठ्या संकुलांविषयी थोडक्यात सांगतो. तेथे बाग, जलतरण तलाव, सभागृह सगळे आवारातच आहे आणि आवारापुरते सामाजिक जीवनही चांगले आहे. कल्याण-तळोजा मेट्रोचे काम सुरू आहे, ती झाल्यावर तेथील प्रवास सुकर होईल. पण निवृत्त माणसाला स्वतःच्या पायांनी वाचनालयात, मंदिरात, बाजारात आणि डॉक्टरांकडे जाता येणे हे बागेपेक्षा मोलाचे असते. म्हणून आपल्या कुटुंबाचा विचार करता मी पूर्वेला, स्थानकापासून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या आत, कायदेशीर कागदपत्रे असलेल्या आणि पुनर्विकास पूर्ण झालेल्या इमारतीतील लहान घर सुचवेन, भले ते संकुलातील घरापेक्षा एका खोलीने कमी असो.

निर्णयापूर्वी एक शनिवार-रविवार आई-वडिलांसह येथे राहून पाहावे. शनिवारी रात्री साडेआठला एखाद्या व्याख्यानाला बसावे, रविवारी सकाळी ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर वडिलांना तासभर सोडावे आणि आपण स्वतः इमारतीच्या सचिवांना भेटून इतिवृत्ते पाहावीत. ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासदत्व घेण्यासाठी वयाचा व पत्त्याचा पुरावा आणि दोन छायाचित्रे बहुधा पुरेशी होतात; घराचा ताबा मिळाल्यावर ते काम पहिल्याच आठवड्यात करावे.